धरून ठेवलेली जागा

खिडकीजवळच्या टेबलावर तिनं बिअरचे दोन ग्लास ठेवले आणि वाकून नवऱ्याच्या कोटाचं गळ्याशी आलेलं बटण सोडलं.

"सिस्टर, बिअर चालते का मला?" त्यानं विचारलं.

"आज चालते."

गेलं वर्षभर ती त्याची सिस्टर होती. गोळ्या देणारी, अंघोळ घालणारी, मधूनच ओरडणारी. आता मनाला लावून घेत नाही, असं ती लेकीला सांगायची. ते काही खरं नव्हतं. कॉलेजात असताना दोघं रोज संध्याकाळी ह्याच पबमध्ये भेटत. एकदा तरी त्यानं आपल्याला ओळखावं, एवढ्याचसाठी तिनं त्याला इथं आणलं होतं. पण पबचं रूपडंच पालटलं होतं. भिंती नव्या, गाणी भलतीच, आणि नवरा आपला बोटानं फेस चाखण्यात दंग. टेबल तेवढं जुनं होतं.

"आलेच हं," म्हणून ती हात धुवायला गेली. खरं तर डोळे धुवायला.

परतली तर तिच्या खुर्चीवर त्याची पिशवी.

ती उचलायला तिनं हात पुढे केला, तसा त्यानं पट्टा घट्ट धरला.

"माफ करा हं बाई. ही जागा धरलेली आहे."

"कुणासाठी?"

"आमची लेटलतीफ यायचीय. प्रयोगशाळेतून सुटली की धावत येते."

तिनं पुढे केलेला हात मागे घेतला.

"मग तोवर मी बसू?"

"छे छे! तुम्हाला बघून दारातूनच परत जाईल. भारी मानी आहे."

मानी म्हणे! तिला हसू आलं आणि हसता हसता भरूनही आलं. जरा घुटमळून तिनं काउंटरवरच्या माणसाला, यांच्याकडे लक्ष ठेवा, अशी खूण केली आणि सरळ रस्त्यावर गेली. बाहेर उन्हं कलली होती. दाराच्या काचेत बघून तिनं पांढरे केस कानामागे सारले. धावत आल्यासारखा दम लागायला हवा होता. ह्या वयात त्याचं फार नाटक करावं लागलं नाही. तिनं दार ढकललं.

तो दाराकडेच बघत होता.

"उशीर झाला रे," ती म्हणाली.

"तुझं रोजचंच आहे," तो म्हणाला आणि पिशवी उचलून त्यानं मांडीवर घेतली.