शीळफाट्याचा टेस्टलॅम्प

दिव्यांच्या रांगेत मला कोणी बसवणार नाही. मी एक जुना टेस्टलॅम्प आहे, गाड्यांची वायरिंग करणाऱ्या माणसाचा. मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोड्यांनी मला पाहिले असेल आणि पाहून विसरलेही असतील. त्यात त्यांची चूक नाही. पाहण्यासारखे माझ्यात फारसे काही नाहीच.

स्कूटरच्या इंडिकेटरचा एक बल्ब, पत्र्याचा होल्डर आणि त्यातून निघालेल्या दोन वायरी. एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला घासून टोकदार केलेली लोखंडी तार. बाळकुमच्या महिपतरावांनी विसाव्या वर्षी मला स्वतःच्या हाताने बनवले. त्यांचे वडील खाडीत मासेमारी करायचे, पण महिपतरावांचा जीव जाळ्यापेक्षा वायरींत रमला. आजवर माझा बल्ब सात-आठ वेळा बदलला आहे. तरीही मी तोच आहे, असे मला वाटते. खरे काय ते मला नक्की सांगता येणार नाही.

शीळफाट्याजवळच्या त्यांच्या गाळ्यात मी चाळीस वर्षे काम केले. चिमटा गाडीच्या पत्र्याला लावायचा आणि टोक वायरीला टेकवायचे. मी पेटलो, तर वीज तिथवर आली. नाही पेटलो, तर वायर मध्येच कुठेतरी तुटली. काम संपले की महिपतराव मला एकदा शेवटच्या वायरीला टेकवत, आणि मी पेटल्यावरच गिऱ्हाइकाला हाक मारत. ही त्यांच्या उस्तादाने घालून दिलेली पद्धत होती. ट्रकवाले एकमेकांना विचारत, "महिपतने दिवा लावला ना? मग निघ बिनधास्त." हे ऐकून मला फार बरे वाटे.

मग त्यांची सून दर्शना आयटीआय शिकून गाळ्यात काम करू लागली. तिने आकडे दाखवणारा मीटर आणला. मला त्याचा हेवा वाटला, हे कबूल करतो.

गेल्या वर्षी घोडबंदर रोडच्या उत्तमकाकांची लाल गाडी आमच्याकडे आली. दोन माणसांची, उघड्या छपराची, तरुणपणी हौसेने घेतलेली. तिच्या इंजिनाचे सुटे भाग आता कुठेच मिळत नव्हते. म्हणून त्यांच्या मुलीने, वर्षालीने, रीतसर परवानगी काढून एका अपघातातल्या नव्या गाडीचे इंजिन मिळवले. शेजारच्या गॅरेजच्या सुदेशने ते बसवले. वायरिंग दर्शनाकडे आले.

जुन्या गाडीत जेमतेम वीस वायरी, नव्या इंजिनाला शंभराच्या आसपास, आणि त्या सगळ्यांवर हुकूम चालवणारी कॉम्प्युटरची एक डबी. इंजिन त्या एकाच डबीला ओळखत होते. दुसरी आणून चालणार नव्हती. दर्शनाने मोबाईलवर आकृत्या पाहून तीन आठवडे एकेक वायर शोधली, तिला कागदाची चिठ्ठी बांधली, नको त्या काढल्या, हव्या त्या जोडल्या. पहिल्याच दिवशी तिने सासऱ्यांना सांगून ठेवले होते, "बाबा, या बारीक वायरींना दिवा लावू नका हं. डबीला झेपणार नाही." महिपतराव नुसते हं म्हणाले.

काम पुरे झाले. दर्शना वर्षालीला फोन करायला बाहेर गेली. महिपतराव गाडीपाशी एकटेच होते. त्यांनी मला खिशातून काढले. मला नाही वाटत की त्यांनी मुद्दाम काही केले. चाळीस वर्षांची सवय हातात होती, आणि मीटरवर भरवसा टाकायला मन तयार नव्हते. त्यांनी चिमटा लावला आणि टोक एका बारीक वायरीला टेकवले.

माझ्या बल्बमधली तार फिकट लाल झाली आणि विझली. जळल्याचा बारीकसा वास आला. ज्या वायरीत थेंबभर वीज, तिथून मी घोटभर ओढली होती. पेटण्याखेरीज मला दुसरे येते तरी काय? महिपतरावांनी मला घाईने खिशात टाकले.

दुपारी उत्तमकाका आणि वर्षाली आले. दर्शनाने चावी फिरवली. सेल्फ फिरला, पण इंजिनाने पकडले नाही. पुन्हा फिरवली. तेच. सुदेश दारात उभा होता. तो हसून म्हणाला, "मोबाईलवर बघून वायरिंग होत नसते, वहिनी." वर्षालीने हळूच विचारले, दुसऱ्या कुणाला दाखवायचे का. दर्शना पुन्हा चिठ्ठ्या मोजू लागली. "माझंच काहीतरी चुकलं असेल," ती म्हणाली.

मी खिशात होतो. महिपतरावांची छाती किती जोरात धडधडत होती, ते फक्त मला कळत होते. गाळ्यावर नाव त्यांचे होते. गप्प राहिले असते तर ते नाव शाबूत राहिले असते.

त्यांनी मला बाहेर काढून बॉनेटवर ठेवले.

"पोरीने बरोबर जोडलंय," ते म्हणाले. "मघाशी मी दिवा लावलेला. तिने नको म्हणून सांगितलेलं, तरी लावला. डबी माझ्या हातून जळलीय."

सुदेश खाली बघू लागला. वर्षालीच्या चेहऱ्यावर राग आला, आणि तो रास्तच होता. उत्तमकाकांनी मात्र गाडीच्या दारावर हात ठेवला. मग म्हणाले, "आता पुढे काय करायचं, ते हिलाच विचारूया."

दर्शनाने डोळे पुसले. डबी उघडून दुरुस्त करणारे एक जण डोंबिवलीत आहेत, पण जमेलच असे नाही, असे तिने खरे ते सांगितले. बारा दिवस महिपतरावांना जेवण गेले नाही. तेराव्या दिवशी डबी दुरुस्त होऊन परत आली. दर्शनाने मीटर लावून सगळे तपासले आणि सासऱ्यांकडे पाहिले. त्यांनी चावी तिच्याच हातात दिली. या वेळी इंजिनाने पकडले. उत्तमकाका आपल्या लाल गाडीत बसले आणि कितीतरी वेळ तिचा आवाज ऐकत राहिले.

आता नवी गाडी आली की महिपतराव गिऱ्हाइकाला सांगतात, "सुनबाईंना दाखवा." मी ट्रकचे दिवे आणि टेम्पोचे हॉर्न तपासतो. मला वाईट वाटत नाही. निदान फारसे नाही.

मित्रांनो, घरातली जुनी हत्यारे फेकू नका, पण त्यांना न झेपणारे काम देऊन बदनामही करू नका. आणि तुमच्या हातून काही बिघडले, दुसरेच कुणी त्यासाठी मान खाली घालून उभे असेल, तर खरे सांगायला थांबू नका. मला तर बोलता येत नाही. तुम्हाला येते.