भागीरथाबाईंचं निळं बोट

मी हिंगण्याच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. निवडणुकीच्या दिवशी तो फार कामी आला. नागपूरच्या एका जुन्या विणकर वस्तीतल्या मतदान केंद्राची मी केंद्राध्यक्ष होते. म्हणजे त्या खोलीत काय चालेल आणि काय चालणार नाही, हे ठरवणं माझं काम.

दुपारी भागीरथाबाई आल्या. लग्नसराईची ऑर्डर होती, त्यामुळे सूत रंगवून तशाच निघालेल्या. दोन्ही हातांची बोटं निळीशार. ओळख पटली, यादीत नाव सापडलं, शाई लावणाऱ्या मुकुंदनं त्यांचा हात धरला, तोच एका उमेदवाराचा एजंट सौरव उठून उभा राहिला.

"मॅडम, हिले मत टाकू देऊ नोका. दुसऱ्या बूथवर टाकून आली अन् शाई लपवाले बोटं रंगवले."

"काहून गा सौरव?" भागीरथाबाई कडाडल्या. "तू याच वस्तीत वाढला न? इथं कोणाचे बोटं कोरे असतात?"

दाराबाहेर बायकांची रांग कान टवकारून उभी होती. कोणाची बोटं लाल, कोणाची हिरवी. भागीरथाबाई परत फिरल्या असत्या, तर सगळी रांग त्यांच्यामागं घरी गेली असती, आणि सौरवला तेच हवं होतं. त्या कोणाला मत देणार, हे मला ठाऊक नव्हतं आणि जाणूनही घ्यायचं नव्हतं. पण कष्टाचा रंग हाताला लागला म्हणून कोणाचं मत जावं? डोळ्यांदेखत हे मी होऊ देणार नव्हते.

सौरव बाहेर गेला आणि कोणाचा तरी मोबाइल घेऊन परत आला; लाइनवर त्याचा उमेदवार होता. "भाऊंशी बोला. तुमच्या बदलीचं पाहून राहिले ते."

माझं डोकंच फिरलं. "फोन बाहेर! या खोलीत भाऊ-दादा कोणी नाही. कोणाचं मत अडवा, हे मला कोणीही सांगायचं नाही. बदली उद्या करा. आज मतदान संपेपर्यंत मी इथंच आहे."

दारावरच्या शिपायानं फोन बाहेर नेला. मी रुमाल ओला करून भागीरथाबाईंचं बोट खसाखसा पुसलं. ताजा रंग रुमालावर उतरला. नखाच्या मुळाशी काळी रेघ नव्हती. निवडणुकीची शाई अशी पुसून जात नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. ते बोट मी सगळ्या एजंटांना दाखवलं, मग बाईंचे दोन्ही हात वर धरले.

"शाई एका बोटाला लावतात, सौरव. बाईंनी दहाही बोटांनी मत दिलं का?"

बाकीचे एजंट खो खो हसले. मुकुंदनं फिक्या निळ्या बोटावर काळी रेघ ओढली आणि थोड्याच वेळात मशीन वाजलं. मला इतका आनंद झाला, की टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

भागीरथाबाईंनी दारात जाऊन बोट उंच केलं. "चाला वं बायांनो!"

रांगेतल्या पहिल्या बाईनं आत येऊन लाल झालेला हात थेट सौरवच्या नाकासमोर धरला. त्या यमुताई, त्याची आई.

"पाह्य गा नीट. मी बी दुसरीकडे टाकून आली का?"

सौरवनं मान खाली घातली.

"मंग बस गुमान," यमुताई म्हणाल्या आणि मुकुंदकडे वळल्या. "लाव बापा शाई."