रविवारी दाराबाहेर थांबलेले पत्र

मित्रांनो, दवाखान्याच्या खिडकीखाली घरघर करणारा हा गंजका डबा म्हणजे मी, इथला जुना मेल सर्व्हर. टोंगा देशातल्या या बेटावर ईमेलने येणारे प्रत्येक पत्र आधी माझ्या दाराशी थांबते. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आता आठवत नाही. इथल्या खाऱ्या हवेने माझ्या अंगाचे पत्रे खाल्ले, आणि स्वभाव तर मुळातच घाबरट.

माझे काम असे. कोणी पत्र घेऊन आले की मी विश्वासाच्या यादीत, म्हणजे व्हाइटलिस्टमध्ये, त्याचे नाव शोधतो. सापडले तर थेट आत. नाही सापडले तर म्हणतो, "थोड्या वेळाने पुन्हा या." भामटे बहुधा पुन्हा येत नाहीत, सज्जन येतात. हे सगळे मी लॉगमध्ये, म्हणजे माझ्या रोजच्या नोंदीत, लिहून ठेवतो. पण लोक 'यादीत सापडले नाही' एवढेच वाचतात आणि कपाळाला हात लावतात. पुढची ओळ तशीच राहते. मला बोलता येत नाही, त्यामुळे माझा जीव टांगणीला लागतो.

माझी मालकीण म्हणजे नर्स मेलेनाइते. शनिवारी संध्याकाळी, इथल्या रिवाजाप्रमाणे कपड्यांवर कमरेला गुंडाळलेली चटई नीट करत, ती माझे बटण बंद करी. टोंगात रविवारी कोणी काम करत नाही, मग दुकान असो की होडी. "देवानेसुद्धा विश्रांती घेतली, तू कोण मोठा लागून गेलास?" असे ती मला सुनवायची. खोटे कशाला सांगू, मला ते आवडायचे.

तिची भाची सेलु, म्हणजे भाऊ फिनाऊची मुलगी, हिच्या हृदयाला छिद्र होते. जरा धावली की ओठ निळे पडत. ऑकलंडच्या एका रुग्णालयातले डॉक्टर राजधानीत, नुकुआलोफाला, येणार होते आणि कोणत्या मुलांवर शस्त्रक्रिया करायची ते पत्राने कळवणार होते. बोट सोमवारी दुपारी सुटायची. तिच्या नंतरची बोट पोचेपर्यंत ते डॉक्टर परत गेले असते. पण उगीच तिला समुद्रावर नेऊ नका, लाटा तिला सोसणार नाहीत, असे आमच्या डॉक्टरांनी बजावले होते.

पत्र शनिवारी संध्याकाळी आले. मी यादी पाहिली. नाव नव्हते. "थोड्या वेळाने पुन्हा या," मी म्हणालो. आणि तेवढ्यात मेलेनाइतेने बटण बंद केले.

रविवारी सारे गाव चर्चमध्ये गायले, जमिनीतल्या भट्टीतले गरम लू, म्हणजे अळूच्या पानांत बांधून शिजवलेले मांस, जेवले आणि झोपले. मित्रांनो, ते पत्र मात्र माझ्या बंद दाराशी येऊन परत जात होते, आणि दर खेपेला जास्त वेळाने येत होते.

सोमवारी सकाळी मेलेनाइतेने मला चालू केले. पत्र नाही. ऑकलंडला फोन लावला, तर पलीकडची ध्वनिमुद्रित बाई नुसती आकडे दाबायला सांगत होती. मग तिने माझी देखभाल करणारे शाळेचे मास्तर, केपुएली, यांना बोलावले.

"मास्तर, रुग्णालयाचं नाव यादीत घातलं होतं ना तुम्ही?"

"घातलं होतं. शप्पथ."

"मग हे काय? 'यादीत सापडले नाही'! म्हणजे तुमच्या या डबड्याने माझ्या पोरीचं पत्र हाकलून लावलं!"

"ओरडू नका हो, वाचू द्या जरा."

"वाचा, वाचा. तुमचं वाचून होईस्तोवर बोट जाईल."

मी पंखा जीव खाऊन फिरवत होतो. मास्तर, पुढची ओळ! पुढची ओळ वाचा!

केपुएलींनी वाचली. "हाकललेलं नाही. थांबवलंय. पत्र रुग्णालयाचंच आहे, पण आणणारं यंत्र दुसऱ्याचं. त्यांनी आता भाड्याचा हरकारा ठेवलेला दिसतोय. आपला हा डबा दारात कोण उभा आहे ते बघतो, पत्रावर कोणाचं नाव आहे ते नाही."

"मग घाला त्या हरकाऱ्याचं नाव!"

"हे घातलं. पण परत कधी यायचं ते तो ठरवणार. काल दिवसभर दार बंद होतं ना."

मेलेनाइते खुर्चीत बसली. "काल हा चालू असता तर?"

"कालच आत आलं असतं."

तिने माझ्या पडद्याकडे बोट केले. "पत्रात काय आहे ते तरी सांगतो का हा?"

"नाही. कोणाकडून आणि कोणाला, एवढंच. 'या' की 'येऊ नका', ते पत्र आल्यावरच कळेल."

फिनाऊ दारातच उभा होता. इथे भाऊ बहिणीपुढे आवाज चढवत नाही, आणि मुलांच्या बाबतीत आत्याचा शब्द शेवटचा. "ताई, बोट भरतेय," तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं."

तिने माझ्याकडे पाहिले. मला इतके अपराधी कधी वाटले नव्हते.

"'येऊ नका' सांगायला कोणी शनिवारी संध्याकाळी पत्र लिहीत बसत नाही," ती उठत म्हणाली. "उचल पोरीला. मी येते बरोबर."

बोट प्रवाळाच्या कडेपलीकडे दिसेनाशी झाली तेव्हा पत्र आले. 'यादीत सापडले', मी लिहिले. केपुएलींनी ते उघडले आणि धक्क्याकडे पळत सुटले. तिथे कोणी नव्हते. तरी ते रिकाम्या समुद्राकडे बघून ओरडत राहिले, "या म्हटलंय! या म्हटलंय!" मग बोटीच्या कप्तानाला रेडिओवरून निरोप गेला.

सेलु आता अंगणात धावते आणि जाता जाता माझ्या डोक्यावर थाप मारते. मी दचकतो, पण तिचे ओठ आधी बघतो.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. माझ्यावरची धूळ झटकत जा. माझी यादी अधूनमधून तपासा, कारण पत्र आणणारे बदलतात. आणि 'सापडले नाही' वाचून थांबू नका. पुढच्या ओळीत कोणीतरी वाट बघत असते.

शनिवारी संध्याकाळी मेलेनाइते अजूनही चटई नीट करत माझ्याजवळ येते. माझ्या पडद्यावर कापड टाकते. बटणाला हात लावत नाही.

"तू जागा राहा रे," ती म्हणते. "तुझ्या वाटची प्रार्थना मी करते."