व्हॉल्वमागचा जोड

घरातला हीट पंप सतरा वर्षांचा झाला होता आणि आप्पा एकाहत्तर वर्षांचे, आणि दोघांच्याही तब्येतीबद्दल घरात दबक्या आवाजातच बोललं जाई. हीट पंप म्हणजे एसीचाच सख्खा भाऊ, फक्त उलट्या डोक्याचा: बाहेरच्या गारठ्यात असेल नसेल ती ऊब ओढायची आणि घरात आणून सोडायची. गेले पंधरा दिवस त्याने हे काम जवळजवळ सोडूनच दिलं होतं. पंखा फिरे, आवाज येई, पण येणारा वारा कोमट म्हणायच्याही लायकीचा नसे. सगळं घर स्वेटर चढवून जेवायला बसत होतं.

आप्पांच्या मुलाचं, म्हणजे सुनेच्या नवऱ्याचं, मत पक्कं होतं. नवीन घ्यायचा. त्याने फोनवर चार मॉडेलं निवडून ठेवली होती आणि वधूवर सूचक मंडळाच्या उत्साहाने एकेकाचे गुण तो जेवताना वाचून दाखवी. सुनेलाही नवीन नको होतं असं नाही. पण हे मशीन आप्पांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, स्वतःच्या हाताने बसवलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी हाच धंदा केला. निवृत्तीनंतरही दर वर्षी थंडीच्या तोंडावर ते हत्यारांची पिशवी घेऊन मागच्या अंगणात जात, दोन दिवस बाहेरचं युनिट उघडून बसत आणि मग हात पुसत जाहीर करत की आता दहा वर्षं बघायला नको. सासूबाई गेल्यापासून त्या पिशवीसाठीच काय ते माणूस उठून उभं राहत होतं. म्हणून मेकॅनिक बोलवायची वेळ आली तेव्हा सुनेने आप्पांच्याच हाताखाली तयार झालेला बोलावला. घरचा माणूस, कमीपणाचा प्रश्न नाही.

हा मेकॅनिक आता स्वतःच पन्नाशीला टेकला होता, पदरी चार माणसं कामाला होती, तरी आप्पांसमोर खुर्चीवर बसायची त्याची अजून छाती नव्हती. आप्पांनी त्याला बजावलं की कॉम्प्रेसरला हात लावायचा नाही, आपण कान लावून ऐकलाय, खणखणीत आहे. मग वारा झोंबायला लागला तसे ते आत गेले. तासाभराने मेकॅनिकने सुनेला खूण केली आणि आपल्या गाडीच्या आडोशाला नेलं.

सून कपड्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. शिवण दोराभर सरकली तरी शर्ट परत, मग शिवणारा कुणी का असेना. तिच्या टेबलावरून वाकडी शिवण पुढे गेली तर सूर्य पश्चिमेला उगवेल, असं तिथले लोक म्हणत. त्यामुळे मेकॅनिक हवापाण्याच्या गोष्टी करायला लागला तेव्हाच तिने ओळखलं की याच्या पोटात काहीतरी आहे. तिने सरळ विचारलं.

मशीनला काहीच झालेलं नाही, असं त्याने सांगितलं. कॉम्प्रेसर ठणठणीत, कॉइल साफ, अजून पाचसहा वर्षं आरामात निघतील. गॅस गळत होता तो एकाच ठिकाणाहून. गेल्या थंडीत व्हॉल्व बदलला होता, त्याच्या मागे वेल्डिंगचा एक जोड होता. पुढून बघावं तर रेघ आखल्यासारखा सुरेख, मागून केसभर उघडाच राहिलेला.

"वहिनी, तो जोड आप्पांचा आहे," तो म्हणाला. "मागची बाजू आरसा धरून बघायची असते. आम्ही आरसा विसरलो तर ते पाना फेकून मारायचे. ते विसरणार नाहीत. त्यांना आरशात दिसलंच नसणार."

नवीन जोड मारणं तासाभराचं काम होतं. पण ते सुरू केलं की आप्पा उठून येणार, कुठला जोड म्हणून विचारणार, आणि मग त्यांना सांगावं लागणार. त्यापेक्षा, त्याने सुचवलं, कॉइल आतून सडली म्हणू, जुना गॅसही आता सहज मिळत नाही म्हणू, आणि नवीन बसवू. मशीन बिचारं काही बोलायला येत नाही.

सुनेने मनाशी हिशेब मांडला. नवऱ्याला मशीन मिळेल, आप्पांची मान वर राहील. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. फक्त ठणठणीत मशीन भंगारात जाईल. तिला ते खटकलं, पण त्यापेक्षा आप्पा पिशवी कोपऱ्यात टाकून भिंतीकडे तोंड करून पडलेले तिच्या डोळ्यांसमोर आले, आणि ती घाबरली. तसंच सांगा, ती म्हणाली.

कॉइल सडल्याचं आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कोट चढवला, पिशवीतून ब्रश काढला, न्हाणीघरातून डबाभर साबणाचा फेस करून आणला आणि बाहेर येऊन मेकॅनिकला नळ्यांत दाब भरायला सांगितला. गळतीच्या जागी फेस लावला की फुगे येतात. ही परीक्षा या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मेकॅनिकने नायट्रोजन भरला. गुरूला नाही कसं म्हणणार?

गुडघा टेकताना त्यांना वेळ लागला. कॉइलवरून त्यांनी वरपासून खालपर्यंत ब्रश फिरवला, मग वळून सुनेला जवळ बोलावलं.

"तू बघ. हा मला काय सांगेल त्याचा भरवसा नाही. फुगे येतायत?"

तिने पाहिलं. कॉइल साबण लावलेल्या ताटासारखी गप्प होती. नाही, ती म्हणाली.

आप्पांचा हात पुढे सरकला. न चाचपडता, सरळ व्हॉल्वच्या मागे गेला आणि तिथे फेस लावून थांबला.

"आता?"

बारीक बारीक फुगे उकळीसारखे वर येत होते. आप्पा वाकून तिथेच बघत होते आणि त्यांना ते दिसत नव्हते. मेकॅनिक त्यांच्या पाठीमागून तिला मानेने नाही नाही म्हणत होता. एक शब्द तर बोलायचा होता, आणि कारखान्यात हजारदा माघारी धाडलेल्या शर्टांपेक्षा तो जड झाला. पण ज्या माणसाने तिची नजर मागून घेतली, त्याला खोटी नजर द्यायची कशी? तिला ते जमेना.

"येतायत," ती म्हणाली. "बारीक आहेत. पण थांबत नाहीत."

आप्पांनी ब्रश डब्यात ठेवला. मग ते मेकॅनिककडे वळले, आणि सुनेने त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

"माझा जोड फसला. हात आहे, फसतो. पण चांगल्या मशीनला बदनाम करायला मी तुला कधी शिकवलं होतं?"

पन्नाशीच्या मेकॅनिकने खाली मान घालून वेल्डिंगचं सामान उतरवलं.

तो काम करत असताना आप्पा आत येऊन बसले. सून चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी विचारलं की आणखी काय काय झाकून ठेवलंय माझ्यापासून. एकदा खरं बोलल्यावर मागे फिरण्यात अर्थ नव्हता. तुम्ही घासलेले कप मी परत घासते, ती म्हणाली. कोटाची बटणं वरखाली लावता, ती तुम्ही बाहेर निघताना तुमचा नातू गुपचूप नीट करतो. दोन वर्षं होतील.

"दोन वर्षं," आप्पा म्हणाले. त्यांनी छताकडे पाहिलं. "मला वाटलं, तुमची पैशांची ओढाताण चाललीय म्हणून तुम्ही घरात कमी उजेडाचे दिवे लावलेत. तुम्हाला वाईट वाटायला नको, म्हणून मीही काही बोललो नाही."

सुनेला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही तिने लपवलं नाही. मशीनला डॉक्टर बोलावणाऱ्या या घरात आप्पांच्या डोळ्यांसाठी डॉक्टरचं नाव दोन वर्षांत कुणी काढलं नव्हतं, का तर त्यांचं मन दुखेल. तिने उभ्या उभ्या दवाखान्याला फोन लावला. त्रास कधीपासून आहे, असं पलीकडून विचारलं तेव्हा तिने फोन आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी घसा साफ केला आणि खरं ते सांगितलं.