तेरावी बरगडी

"मॅडम, माझा एक मार्क तुम्ही उगाच कापला," पेपर माझ्या टेबलावर ठेवत ज्ञानेश्वरी म्हणाली.

मी चष्मा लावला. प्रश्न अगदी बाळबोध होता. माणसाच्या शरीरात बरगड्यांच्या जोड्या किती? तिचं उत्तर तेरा आणि शेजारी माझी लाल फुली.

"उगाच? अगं, पहिल्याच आठवड्यात घोकून घेतलंय मी तुमच्याकडून. खऱ्या सात, खोट्या तीन, तरंगत्या दोन. किती झाल्या?"

"बारा."

"मग?"

"मग तुमच्या मागचा बोर्ड बघा की."

वर्गातल्या पोरी फिदीफिदी हसल्या आणि माझं डोकं सणकलं. आमच्या नर्सिंग स्कूलच्या या वर्गात, माझ्या खुर्चीच्या मागे, भिंतीवर निळ्या रंगात पुरुषभर उंचीचा सांगाडा रंगवलेला आहे, त्यालाच आम्ही बोर्ड म्हणतो. अकरा वर्षं मी त्याच्यावर छडी ठेवून शरीररचना शिकवते. या पोरीची जिरवायची म्हणून मी छडी उचलली आणि गळ्याच्या हाडापासून मोजत खाली आले. दहा, अकरा, बारा. खाली अजून एक होती. दुसऱ्या बाजूनं मोजल्या, तर तिकडेही तेरा.

माझे कान गरम झाले. म्हणजे अकरा वर्षं मी तोंडानं बारा सांगत होते आणि छडीनं तेरा दाखवत होते! दर वर्षी चाळीस पोरी या सांगाड्यासमोर बसून पास होऊन गेल्या. एकीनंही मोजल्या नाहीत. त्यांना तरी कशाला नावं ठेवू, मी कुठे मोजल्या होत्या?

सांगाड्याच्या पायाशी लाल अक्षरांत नाव आणि फोन नंबर होता: कडुबा आर्ट, गुलमंडी. मी तिथल्या तिथे फोन लावला आणि तोही आवाज चढवूनच.

अर्ध्या तासात कडुबा पेंटर लुनावरून आला. साठी ओलांडलेला, काटकुळा माणूस. कानावर पेन्सिल, शर्टावर दहा रंगांचे डाग. शहरातल्या निम्म्या शाळांच्या भिंतींवर याचा हात फिरलेला, त्यामुळे बोलण्यात ऐट होती.

"कोण म्हणतंय चुकलंय?" दारातूनच त्यानं विचारलं.

"मी म्हणतेय. माणसाला बाराच जोड्या असतात."

"तुमचं पुस्तक चुकलं आसंल मॅडम. फासळ्या म्या बारकं हुतो तवापासून हातानं मोजल्यात. तेरा म्हंजी तेरा."

आता याला काय म्हणावं! मी त्याला तडक खालच्या प्रयोगशाळेत नेलं. पोरी आमच्या मागे. तिथे दोन वर्षांपूर्वी घेतलेला प्लास्टिकचा सांगाडा कपाटात होता. त्याच्यावरची पिशवी काढली. कडुबानं एकेका बरगडीवर बोट ठेवून मोजलं. बारा भरल्या. पुन्हा मोजलं.

"कंपनीवाल्यानं एक खाल्ली," तो शांतपणे म्हणाला.

पोरींना हसू आवरेना. ज्ञानेश्वरी मात्र हसली नाही. ती पुढे आली.

"बाबा, तुमचं गाव कोणचं?"

"कन्नडकडं हाय. का गं?"

"घरी मेंढरं हुती का?"

"हुती की, दीडशे. बहात्तरच्या दुष्काळात समदी गेली. मंग इकडं आलो आन् हातात ब्रश धरला."

"आमच्याकडं बी हायेत. मेंढराला तेराच असत्यात बाबा. आमचा आज्जा कातडं काढायचा तवा म्या बी मोजल्यात. पेपरात म्या तेच लिहिलं. नंतर बोर्डावर मोजलं तर बोर्डावर बी तेरा. म्हणलं, चला, आपलं बरोबर हाय."

कडुबानं आपल्याच शर्टाखाली हात घातला आणि कुशीवरून बोटं फिरवली, जणू तिथे उत्तर सापडणार होतं. मग एकदम खो खो हसत सुटला.

"तुमच्या शाळेनं दिलेल्या पुस्तकातलं चित्र यवढंसं हुतं मॅडम, आन् खालच्या अंगाला धुरकट. म्हणलं, ह्याला काय बघायचं, हे तर आपल्याला पाठ हाय! म्हंजी म्या माणसाचं मेंढरू करून ठिवलं की वो!"

आम्ही सगळ्याच हसलो. हसता हसता तो थांबला आणि बोटांवर काहीतरी मोजू लागला.

"आसे अजून सहा काढल्यात म्या," तो म्हणाला. "समद्यांच्या खाली माझं नाव हाय. नावावर खोटं ऱ्हाऊ द्यायचं नाय. समदे दुरुस्त करणार."

आमचा बोर्ड त्यानं त्याच दिवशी केला. तेरावी जोडी घासून काढली, वरून भिंतीचा रंग दिला. ज्ञानेश्वरीला मार्क मात्र मी दिला नाही. उत्तर चूक ते चूकच. पण सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागितली, आणि ती मागताना मला जड गेलं, हेही खरं.

ते मे महिन्याचे दिवस होते, दोन हजार सोळा सालचे. धरण तळाला गेलेलं, नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, गल्लोगल्ली टँकर. अशा उन्हात कडुबा शाळाशाळांत जायला निघाला, तेव्हा मीही स्कूटी काढली. हातात ब्रश घेऊन कुणी दारात उभं राहिलं आणि म्हणालं, फुकट काम करायचंय, तर त्याला आत कोण घेतं? शिवाय मलाही माझं मन खात होतंच.

पहिल्या ठिकाणी शाळाच नव्हती. तिच्या जागी काचेचं चकचकीत कॉम्प्लेक्स उभं होतं. दुसरीकडे सांगाड्यावर फ्लेक्स ठोकलेला, त्याच्या खिळ्यांनी कवटीचा पार भुगा झालेला. उरलेल्या चार ठिकाणी काम झालं. शहागंजच्या शाळेत तर लोखंडी कपाट सरकवून मागचा सांगाडा बाहेर काढावा लागला. प्रत्येक ठिकाणी कडुबा एकच विचारायचा, "कुणी कधी काय बोललं का वो ह्या चित्राबद्दल?"

"काय बोलणार? मस्त आहे चित्र," सगळीकडे हेच उत्तर.

शहागंजातून निघालो आणि चहाला थांबलो. त्यानं कप तसाच धरून ठेवला.

"चुकलो त्याचं नाय वाईट वाटत मॅडम. माणूस हाय, चुकंल. पण इतकी वर्सं चुकलो आन् कुणी मोजलंच नाय. म्हंजी बघितलंच नाय की कुणी."

"मीही नाही बघितलं, कडुबा," मी म्हणाले. "मला लाज वाटते त्याची."

"जाऊ द्या," तो म्हणाला. "त्या पोरीनं तरी मोजलं. एक तरी निघाली." आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन उठला.

छावणी भागातली शाळा शेवटची. हेडमास्तर वैजनाथ सर भले गृहस्थ. "करा, करा, सुट्टीच आहे," म्हणाले. कडुबा शिडीवर चढला. तेराव्या जोडीवरून पॉलिश पेपर फिरू लागला, निळी भुकटी त्याच्या भुवयांवर बसू लागली. मी ऑफिसात पंख्याखाली जाऊन बसले.

"एवढा जीव काढताहेत बिचारे," वैजनाथ सर हळूच म्हणाले. "खरं सांगू का मॅडम, जूनमध्ये ती भिंत पाडायचीय. शाळेची पटसंख्या वाढली, नवीन तीन मजले होताहेत. मघाशी सांगायला माझी जीभच रेटली नाही."

मी ताडकन उठले आणि वर्गात गेले. घासून रंगाचा पहिला हात देऊन झाला होता.

"कडुबा, उतरा खाली. ही भिंत पाडणार आहेत."

"माहितीय," वळून न बघता तो म्हणाला. "शिपायानं आल्या आल्याच सांगितलं."

"अहो, मग या उन्हात कशाला मरताय?"

आता त्यानं मान वळवली. चेहरा निळाभोर, त्यात दात तेवढे पांढरे.

"पाडू द्या की मॅडम. पाडायला माझं काय म्हणणं नाय. पण बारा फासळ्यांचा पाडा."

आणि पहिला हात वाळला की नाही हे बोटानं बघून, तो त्या भिंतीला रंगाचा दुसरा हात द्यायला लागला.