आत माणूस आहे

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे आणि मित्रांनो, मी फार घाईत आहे. आमच्यासारख्या जुन्या वस्तू बोलायला बसल्या की आधी घसा साफ करतात आणि मग जन्मापासून सगळं सांगतात. मला तेवढी उसंत नाही. उद्या सकाळी आठला सुतार येणार आहे, आणि त्याआधी माझं म्हणणं कुणाच्या तरी कानावर पडलंच पाहिजे.

माझ्या अंगावर लाल रंगात दोनच वाक्यं आहेत. ‘आत माणूस आहे. बटण दाबू नका.’

मी साबणाच्या कारखान्यात असते. आमच्याकडे दोन मजले उंचीचं एक पोलादी पिंप आहे. त्याच्या आत मोठमोठी पाती फिरतात आणि साबणाचा लगदा घोटतात. पिंपाचं तोंड वरच्या मजल्यावर आहे, तर ते चालू करायचं हिरवं बटण खाली, बावीस पायऱ्या उतरून आल्यावर भिंतीवर. आठवड्यातून एकदा कुणीतरी पिंपात उतरून आत चिकटलेला साबण लोखंडी कलथ्याने खरवडून काढतं. बटणापाशी उभ्या असलेल्या माणसाला पिंपात कुणी आहे की नाही, हे दिसत नाही. मोटरी चालू असल्या तर आतल्याची हाकही त्याला ऐकू येत नाही. त्याला ते कळावं म्हणून माझा जन्म झाला.

मला कारखान्याच्या म्हाताऱ्या फिटरने बनवलं. त्याला सगळे डबलमामा म्हणत, कारण कुठलंही काम सांगितलं की मामा समोरच्याकडून ते पुन्हा एकदा म्हणवून घेत. त्यांनी तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला आणि कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून माझ्या कडा कानशीने घासल्या. ते अक्षरं रंगवत होते तेव्हा त्यांची बायको म्हणाली, “अहो, केवढं मोठं लिहिताय! आंधळ्यालासुद्धा दिसेल.”

“आंधळ्यांसाठीच लिहितोय,” मामा म्हणाले. “डोळे असून न बघणारे तिथे पन्नास आहेत.”

मामांचा नियम कडक होता. मी एरवी वरच्या मजल्यावर, पिंपाच्या तोंडाशी एका हुकाला असायचे. बटणाच्या वर भिंतीत एक खिळा होता. तो रिकामा असायचा. पिंपात उतरणाऱ्याने मला घेऊन जिना उतरायचा, स्वतःच्या हाताने मला खिळ्यावर लावायचं आणि बटणवाल्याला समोर उभं राहून सांगायचं. बटणवाल्याने ते उलट म्हणून दाखवायचं. काम संपलं की ज्याने लावलं त्यानेच मला काढून परत वर न्यायचं. मध्येच दुसऱ्या कुणी मला हात लावला तर मामा त्याची बिनपाण्याने हजामत करत.

खरवडायचं काम एका कामगार बाईंकडे होतं; सगळे त्यांना ताई म्हणत. बांध्याने बारीक, त्यामुळे पिंपाच्या तोंडातून त्या सहज आत जात. बटणावर त्यांचा धाकटा दीर होता. दोघं एकाच घरात राहत आणि एकाच मोटरसायकलवरून कामाला येत.

“मामा, एका खरवडणीला जिन्याच्या दोन खेपा!” ताई कुरकुरत. “कारखान्याआधी माझे गुडघे बंद पडतील.”

“गुडघ्यांना तेल चोळता येतं,” मामा म्हणत. “चल, सांग दिराला.”

“भावजी, मी आत चाललेय.”

“वहिनी, तुम्ही आत चाललाय. बटणाला हात नाही,” असं म्हणून दीर कंटाळून डोळे फिरवायचा.

ते माझे सुखाचे दिवस होते. मी खिळ्यावर असले की आत माणूस असायचा आणि मी नसले की नसायचा. पाहुणे आले की मालक मला दाखवून सांगत, “या पाटीमुळे आमच्याकडे कुणाच्या नखालाही धक्का लागलेला नाही.” ते ऐकून मी फुगायचे. पत्रा फुगत नाही हे मला ठाऊक आहे, तरीही फुगायचे.

मग मामा निवृत्त झाले आणि नवे सुपरवायझर आले. माणूस वाईट नव्हता, कामाला तर वाघ होता. पण मोबाइलच्या ग्रुपवर टाकलं म्हणजे सांगितलं, अशी त्याची ठाम समजूत. काहीही विचारा, उत्तर एकच, “ग्रुपवर टाकलंय.” आठवडाभरात त्याचं नाव ग्रुपसाहेब पडलं. साहेबाने काही टाकलं की खाली वीस अंगठे उमटत. अंगठा म्हणजे वाचलं, की पटलं, की ब्याद टळली, हे साहेबाने कधी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

उलट म्हणवून घेणारं कुणी उरलं नाही, तशी जिन्याच्या खेपांना कात्री लागली. एक दिवस ताई काम संपवून खाली आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “सारखं काय काढायचं नि लावायचं? राहू दे इथेच. नसण्यापेक्षा असलेली बरी.”

नसण्यापेक्षा असलेली बरी! मित्रांनो, या वाक्याने माझा घात केला. मी आठवडाभर खिळ्यावर राहू लागले. पिंप रिकामं असायचं आणि मी सांगत असायचे की आत माणूस आहे. पहिल्या दिवशी दिराने वर जाऊन खात्री केली. दुसऱ्या दिवशी त्याने नुसती हाक मारली. चौथ्या दिवशी त्याने माझ्या नाकासमोर बटण दाबलं, पाती फिरू लागली आणि कुणालाच काही झालं नाही. त्या दिवसापासून मी खोटारडी ठरले. कुणी माझ्या एका कोपऱ्याला सदरा अडकवला, कुणी दुसऱ्याला डब्याची पिशवी. कधी कधी माझ्यावर ‘आत मा’ एवढंच दिसायचं. मला लाज वाटायची आणि भीतीही वाटायची, पण बोलणार कशी? जे बोलायचं ते मी आधीच बोलत होते.

त्यातच दीर-भावजयीत अबोला झाला. कारण काय, तर घरातला पंखा किती जोरात ठेवायचा! तीन दिवस दोघं एका मोटरसायकलवर पुढेमागे बसून येत होते, मध्ये डब्याची पिशवी आणि तोंडातून चकार शब्द नाही.

चौथ्या दिवशी खरवडणी दुपारची होती. साहेबाने ती सकाळी घ्यायची ठरवलं आणि आदल्या संध्याकाळी फाटकाशी ताई भेटल्या, त्यांना तसं सांगितलं. त्या रिक्षाने लवकर आल्या. बाकीच्यांसाठी साहेबाने सकाळी ग्रुपवर टाकलं. आता गंमत बघा. बटणापाशी मोबाइल आणायचा नाही, हा नियम महिन्यापूर्वी याच साहेबाने केला होता. दीर नियमाचा पक्का, त्याचा मोबाइल कपाटात होता.

ताईंनी जिन्यावरून वाकून मला पाहिलं. ‘पाटी तर आहेच. भावजींना ग्रुपवर कळलं असेलच. मग आपण कशाला आधी बोलायचं?’ असं तेव्हा त्यांच्या मनात आलं. हे त्यांनी पुढे चौकशीत स्वतःच सांगितलं. त्या आत उतरल्या.

थोड्या वेळाने दीर आला. त्याने डब्याची पिशवी माझ्या कोपऱ्याला अडकवली आणि हात बटणाकडे नेला. मित्रांनो, मी सगळा जीव एकवटला. पडावं, खणकन वाजावं, त्याच्या पायावर आपटावं! पण खिळा मामांनी ठोकलेला, पक्का. त्याने माझ्याकडे पाहिलं होतं हो! मी काल जे सांगत होते, परवा जे सांगत होते, तेच आजही सांगत होते. त्याने पाहिलं आणि बटण दाबलं.

पाती दीड वेढा फिरली. ताईंच्या हातातला कलथा पात्यात अडकला आणि मोटर बंद पडली, म्हणून त्या वाचल्या. पण त्यांचा उजवा हात कोपरापासून गेला.

चौकशी झाली. साहेब म्हणाला, “मी ग्रुपवर टाकलं होतं.” ताई म्हणाल्या, “पाटी लावलेली होती.” दीर म्हणाला, “पाटी रोजच लावलेली असते.” तिघंही खरं बोलत होते. त्या खोलीत मला टेबलावर ठेवलं होतं आणि मला वाटत होतं, कुणीतरी मला उचलून वितळवून टाकावं.

पण झालं भलतंच. मालकांनी माझ्यासारख्या चाळीस पाट्या करून घेतल्या आणि प्रत्येक यंत्राशेजारी चार चार स्क्रूंनी पक्क्या बसवल्या. मला ‘मूळ पाटी’ म्हणून मानाने बटणाच्या वर बसवलं. आता मला कुणी काढूच शकत नाही. पिंप भरलेलं असो, रिकामं असो, कारखान्याला सुट्टी असो, मी वेड लागल्यासारखी एकच गोष्ट सांगत राहते, आत माणूस आहे, आत माणूस आहे. पाहुणे माझा फोटो काढतात. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

आणि ताईंच्या जागी कामाला कुणाला घेतलं? त्यांच्याच लेकीला. बांधा आईसारखाच. बटणावर तिचा काका. तो आता दुसरीकडे खोली घेऊन राहतो. पुतणी समोरून आली की मान खाली घालतो. तिला वाटतं, काकाला आपलं तोंड बघायचं नाही, म्हणून तीही मुकाट्याने जिना चढते. पुन्हा तेच पिंप, तेच बटण आणि दोन माणसं एकमेकांशी न बोलणारी. चार महिने मी हे बघते आहे. माझ्या अक्षरांचा रंग उडाला तो उन्हाने नाही. इथे ऊन येतंच कुठे?

आज सकाळची गोष्ट. मुलगी केव्हा वर गेली ते दिराने पाहिलं नव्हतं. साहेबाने कचेरीच्या खिडकीतून ओरडून सांगितलं, “चालू करा! गाडी दारात उभी आहे!”

दिराचा हात बटणापर्यंत गेला आणि थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. अरे, माझ्याकडे नको बघूस! मी रोजच हे म्हणते! माझ्यावर विश्वास ठेवू नकोस आणि मला खोटी समजून दाबूही नकोस! जा, वर जाऊन बघ!

त्याने हात मागे घेतला. मग वळला आणि जिना चढू लागला. मी पायऱ्या मोजल्या. मोटरी अजून बंद होत्या, त्यामुळे मला वरचं सगळं ऐकू आलं.

“आत कुणी आहे का?”

 पिंपातून घुमत आवाज आला, “मी आहे, काका.”

“सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही बोलत नाही ना माझ्याशी.”

 मुलगी म्हणाली, “आई रोज विचारते, भावजी जेवले का म्हणून. मी काय सांगू तिला?”

“सांग, भूक लागत नाही.”

“ते तुम्हीच येऊन सांगा.”

एवढ्यात साहेब तणतणत बटणापाशी आला. “चालू का नाही केलं? मी ग्रुपवर...”

“आत माझी पुतणी आहे,” दीर वरून म्हणाला. ओरडला नाही, नुसतं म्हणाला. साहेबाने मोबाइल खिशात घातला. माझ्या दोन ओळींनी जे साधलं नव्हतं ते चार शब्दांनी साधलं, आणि मला मुळीच वाईट वाटलं नाही.

खरवडणी संपवून मुलगी खाली आली, काकासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “मी बाहेर आलेय.” मगच त्याने बटण दाबलं. पाळी संपल्यावर तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन माझ्यापाशी आला. तीन स्क्रू निघाले. चौथ्याचं डोकं घासलेलं, काही केल्या फिरेना. “उद्या नऊला पाळीवर आलो की पक्कड आणतो,” तो पुतणीला म्हणाला. दोघं बोलत बोलत बाहेर गेले.

ते गेल्यावर साहेब माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी एका स्क्रूवर तिरकी लोंबकळत होते. त्याने मोबाइल काढला आणि लिहिता लिहिता पुटपुटला, “मूळ पाटी वाकडी झाली आहे. उद्या सकाळी आठ वाजता सुतार येऊन मोठे स्क्रू लावेल. सर्वांनी नोंद घ्यावी.” लगेच अंगठे उमटले असणार. दीर मात्र अंगठ्यांत नसतो. ताईंच्या अपघातापासून त्याने तो ग्रुप उघडलेलाच नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुठे ना कुठे कामाला लागाल. तिथे पाट्या असतील, ग्रुप असतील, माझ्यापेक्षा सुंदर अक्षरात लिहिलेल्या सूचना असतील. जरूर लिहा. पण लिहिल्यावर दोन पावलं चालून जा आणि समोरच्याला विचारा, ‘तुला काय कळलं?’ काम झालं की पाटी काढून ठेवा. भांडण झालं असेल तर घरी हवं तितकं रुसा, पण कामावर तोंड उघडा. माझ्या ताईंचा हात परत येणार नाही. त्यांची लेक मात्र पुढच्या आठवड्यात पुन्हा आत उतरणार आहे.

म्हणून तुमच्यापैकी कुणीतरी आत्ताच्या आत्ता निघा. दीर आज बहुतेक त्याच्या वहिनींच्या घरी जेवायला गेलेला सापडेल. फोन करू नका, चिठ्ठी ठेवू नका. त्याच्यासमोर उभे राहा आणि सांगा, सुतार आठला येतोय, तू त्याआधी ये.

आणि तो काय म्हणाला, ते मला परत येऊन सांगा.