फुलवंतामामीची पेज

चैतराममामाचं लिव्हर गेलं तेव्हा गावानं दारूचं नाव घेतलं. मामानं आयुष्यात थेंब घेतला नव्हता. नुसती चरबी साचत गेली, कोणाला कळलं नाही, आणि कळलं तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी सरळच सांगितलं, की घरातल्या कोणी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तरच हा माणूस जगेल. फुलवंतामामीचा रक्तगट जुळला नाही. जुळला तो माझ्या मायचा, रुख्माचा. ती मामाची मोठी बहीण.

पण मायच्याही लिव्हरवर चरबी निघाली. ती उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, डॉक्टर म्हणाले. जेवायचं ते सकाळी अकरा ते संध्याकाळी सात या वेळातच, भात कमी. बाकी वेळ फक्त पाणी.

मायनं ते व्रतासारखं पाळलं. एका लग्नघरी रात्रीच्या पंगतीतून घास न घेता उठून आली. चिडचिडी झाली, माझ्यावर उगाच खेकसायची, पण वेळ मोडली नाही.

मामीचं घर आमच्या मागच्याच गल्लीत. आपल्या नवऱ्यासाठी नणंद उपाशी राहते, हे तिच्या जिवाला लागायचं. रोज सकाळी उजाडताच तांदळाची पातळ पेज गंजभर घेऊन ती यायची. "बाई, किती उपाशी राहून राहिल्या तुमी! पेज तरी प्या." आमच्या कामठ्यात पेजेला कोणी जेवण म्हणत नाही. बांधावर तहान लागली की पेज, तापात तोंड कोरडं पडलं की पेज. माय तिच्यासमोरच गंज रिकामा करायची.

दुसऱ्या तपासणीत चरबी जिथल्या तिथे. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं, आणि पेजेचं कळल्यावर कपाळाला हात लावला.

"अहो, पेज म्हणजे भातच की! तुमचा उपवास रोज सकाळीच सुटत होता. कोण देत होतं ही पेज?"

"मीच करून पेत होती," माय म्हणाली.

मी तिच्याकडे पाहतच राहिले.

"आता पुन्हा पहिल्यापासून," डॉक्टर म्हणाले. "पेशंट तोवर टिकेल का, ते मी सांगू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी नेहमीसारखी दारात आली.

"नोको," माय म्हणाली.

"काऊन?"

"आता नाही लागत गोड."

मामीचा चेहरा उतरला. ऑपरेशन लांबलं, एवढंच तिला कळलं होतं. "माझ्या हातची पेज नोको, तिकडं तारीखबी पुढं ढकलली. भावाले वाचवाचं नसन त सरळ सांगून टाका ना, बाई!" गंज उंबऱ्यावर ठेवून ती रडत निघून गेली.

माझं डोकंच फिरलं. मायनं एवढे दिवस पोट मारलं, ते हे ऐकायला? मी मामीच्या मागे निघाले, तर मायनं माझं मनगट धरलं.

"सोड मले. तिले कळू दे, का झालं ते."

"कळून का करन ते? जीव लावूनच पाजलं ना तिनं."

"मंग तू असे बोल ऐकत राहशील?"

मायनं डोळे पुसले. मनगट मात्र सोडलं नाही.

"चैतराम वाचला त मीच सांगीन तिले, हसत सांगीन. नाही वाचला, त तिले हे कधीच कळलं नाही पायजे, आचल. तुह्या तोंडूनबी नाही."